बारा चुळा

चिमणाबाईंच्या आठवड्यातले सहा वार देवांनी वाटून घेतले होते. रविवार जोतिबाचा, सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार अंबाबाईचा आणि शनिवार मारुतीचा. उरला बुधवार. तोही एखादी चतुर्थी नाहीतर एकादशी मधूनच येऊन उचलून न्यायची. पण एवढे उपास करूनही बाई कधी चिरडीला आलेल्या कुणी पाहिल्या नाहीत. पहाटे उठायचं, दारात सडा टाकायचा, न्हाणीपाशी बारा चुळा भरायच्या, की आंघोळ आणि पूजा.

या बारा चुळा म्हणजे त्यांच्या सासूबाईंचा वसा. उपासाच्या दिवशी दात घासायचे नाहीत, त्याच्या बदली मोजून बारा चुळा भरायच्या. चिमणाबाई सून म्हणून आल्या त्या महिन्यापासून त्यांनी हा नेम उचलला होता आणि पस्तीस वर्षं एका चुळीचाही हिशेब चुकू दिला नव्हता. बुधवारी मात्र तळहातावर काळं दंतमंजन घेऊन बोटानं समोरचे दात असे काही घासायच्या की हसल्या की मोगऱ्याच्या कळ्या मांडल्यासारखे दिसावेत. साठीला आलेल्या बाईचे दात असे, याचं गल्लीत कौतुक होतं.

अठ्ठ्याण्णव साल होतं, आणि मार्गशीर्ष लागला होता. कळंबा रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांची गल्ली. मार्गशीर्षातल्या दर गुरुवारी दुपारी चार वाजता गल्लीतल्या सगळ्या बायका चिमणाबाईंच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, जमायच्या. चौरंगावर कलश मांडलेला, पुढे पाच फळं, आणि शेजारी पाटावर बसून चिमणाबाई लक्ष्मीची कहाणी वाचायच्या. बावीस वर्षं त्याच वाचत होत्या. आवाज बारीक, पण तांब्यातून पाण्याची धार धरावी तसा सरळ, कुठं तुटणारा नाही. बारीक आवाज म्हणूनच बायका गुडघ्याला गुडघा लावून पुढे बसायच्या. राणीला गर्व झाला या ठिकाणी सगळ्या एकदम "अगं बाई" म्हणायच्या, आणि ते "अगं बाई" ऐकलं की चिमणाबाईंना वाटायचं, उपासतापासाचं सगळं फळ इथंच मिळालं.

त्या वर्षी पहिल्या गुरुवारी मात्र काहीतरी वेगळं झालं. सोप्यात लाल पट्ट्यांची सतरंजी अंथरली होती. बायका आल्या आणि दाराकडच्या टोकाला बसल्या. पाटापासून पुढे सतरंजीचे चार पट्टे उघडे.

"पुढं सरका की," चिमणाबाई म्हणाल्या.

"हितं ऊन हाय," शेजारच्या धोंडुबाई म्हणाल्या. "थंडी किती पडलीया. पाठ शेकतीया बघा झ्याक."

खरंच दारातून ऊन येत होतं. चिमणाबाईंनी वाचायला सुरुवात केली. "अगं बाई" आलं, पण दोघींचंच, आणि तेही भलत्याच जागी.

दुसऱ्या गुरुवारी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. सोप्यात चार वाजता दिवा लावावा लागला. बायका आल्या, आणि पुन्हा दाराकडेच बसल्या. या खेपेला पाच पट्टे उघडे होते.

"आज कुठलं ऊन?" चिमणाबाईंनी विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "सवय झाली," कुणीतरी म्हणालं.

कहाणी संपली, आरती झाली, प्रसाद वाटला. बायका निघताना धोंडुबाई मोठ्यानं म्हणाल्या, "मागं काय ऐकू आलं न्हाय बघा. पुढच्या गुरुवारी आमच्या वर्षाराणीला वाचू दे की. तिचा आवाज पार कळंब्याच्या तळ्यापतूर जातोय."

वर्षाराणी म्हणजे धोंडुबाईंची सून. लग्नाला वर्ष झालं होतं, बी.ए. झालेली, आवाज खरंच खणखणीत. ती बिचारी सासूच्या मागे खाली मान घालून उभी राहिली.

"ऐकू येत न्हाय तर पुढं बसायचं," चिमणाबाई हळूच म्हणाल्या.

एकेक करून सगळ्या गेल्या. धोंडुबाई सुनेला पुढे पाठवून मागे राहिल्या. या बाईंचा स्वभाव असा, की पोटात काही ठेवलं की त्यांना अपचन व्हायचं.

"चिमणाबाई, राग मानणार नसला तर एक सांगू?"

"सांगा की."

"तुमच्या तोंडाला वास येतोय. आजचा न्हाय, दिवाळीपासनंचा. गल्लीत समद्यास्नी म्हाईत हाय. तुम्ही देवमाणूस, म्हणून कोण बोलत न्हाय. मी काय देवमाणूस न्हाय, म्हणून सांगितलं."

चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला. "बरं झालं सांगितलंसा," एवढंच त्या पदराआडून बोलल्या.

धोंडुबाई गेल्यावर त्या कलशापुढे बसून राहिल्या. बावीस वर्षांचं वाचन. ते वर्षाराणीनं वाचलं म्हणून देवीला काही कमी पडणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण आपण देवीचं नाव घेतलं की माणसं लांब सरकतात, हे मात्र सहन होण्यासारखं नव्हतं. ज्या तोंडात दिवसभर देवाचं नाव, त्याच तोंडाला वास. आणि आपलं काय चुकलं ते काही समजेना.

शुक्रवारी त्यांनी दिवसभर लवंगा चघळल्या. संध्याकाळपर्यंत जीभ अशी झाली की पाणीही तिखट लागायला लागलं. शेवटी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, माझ्या तोंडाला वास येतोय व्हय?"

आकाराम उद्यमनगरात फाउंड्रीत तीस वर्षं काम करून नुकतेच घरी बसले होते. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मला कुठं नाक राहिलंय? भट्टीपाशी गेलं ते. पण मागं त्या दाढंतनं रगात आलतं की तुझ्या. त्या नव्या डाक्टरीणबाईला दाखवू उद्या."

शनिवारी सकाळी लुनावर मागे बसून चिमणाबाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टर शांभवी निपाणीकडच्या, वय तिशीच्या आतलं, कपाळाला विभूतीचं बारीक बोट. ते बघून चिमणाबाईंना जरा धीर आला.

"या अव्वा, बसा. घाबरायचं काय नाही," त्या कानडी हेलात म्हणाल्या. तोंडात आरसा घालून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग म्हणाल्या, "समोरचे दात तर काचेसारखे आहेत की."

चिमणाबाईंना बरं वाटलं.

"आता मागं काय आहे ते तुम्हीच बघा. मी हे लाल औषध लावते. लावलं की चूळ भरायची. जिथं घासलेलं नाही तिथं लाल राहतं, बाकीचं निघून जातं."

"आज शनिवार हाय. पोटात जाणार न्हाय न्हवं?"

"गिळायचं नाही. मीपण सोमवार करते, मला कळतंय."

चिमणाबाईंनी चूळ भरली. डॉक्टरांनी हातात आरसा दिला, दुसरा छोटा आरसा तोंडात धरला आणि दिवा वळवला. समोरचे दात पांढरेशुभ्र. पण मागे बघितलं तर बाईंना धक्काच बसला. दाढांच्या आतल्या बाजू, जिभेकडच्या, लालभडक. वरच्या दाढांची गालाकडची बाजू लाल. आणि चारही टोकांना शेवटच्या दाढेची जी पाठ असते, ती तर देवीला मळवट भरावा तशी. देवीच्या कपाळी जे शोभतं ते आपल्या दाढेवर बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिथवर बोट पोचत नाही, म्हणून तिथलं राहून जातं," डॉक्टर म्हणाल्या. "अन्न साठतं, त्याचं कीटण होतं, हिरड्या सुजतात, रक्त येतं. वास त्याचाच. तशा दाढा धड आहेत, पण असंच राहिलं तर काढायला लागतील. दात किती वेळा घासता?"

"बुधवारी."

"बुधवारी किती वेळा?"

"बुधवारीच," चिमणाबाई म्हणाल्या आणि सगळे वार सांगितले. "बाकीचं दिवस बारा चुळा. सासूबाईंनी घालून दिलेला नेम हाय."

डॉक्टर शांभवी हसल्या नाहीत. त्यांच्याही घरी आजी होती. "अव्वा, कीटण मी आज काढते. पण ते परत साठू द्यायचं नसेल तर रोज दोन वेळा ब्रश करायला लागेल. तुमचा नेम मी मोडा म्हणणार नाही. त्याचं काय करायचं ते तुम्हीच बघा."

कीटण काढायला अर्धा तास लागला. मग डॉक्टरांनी प्लास्टरचा एक जबडा काढला आणि ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरका टेकवायचा, जोर न लावता थोडा थोडा हलवायचा. सुरुवात शेवटच्या दाढेपासून करायची, म्हणजे हात दमायच्या आधी अवघड जागा उरकते. "आणि एक गंमत सांगते. वरच्या शेवटच्या दाढेला गालाच्या बाजूनं घासताना लोक मोठा आ करतात. तसा केला की गाल ताणतो आणि ब्रश आत जातच नाही. तोंड अर्धं मिटायचं, मग गाल ढिला पडतो. खालच्या समोरच्या दातांना आतून घासताना ब्रश उभा धरायचा. शेवटी जीभ. आणि ब्रश लहान डोक्याचा घ्या."

कोपऱ्यावरच्या दुकानात लहान डोक्याचा ब्रश म्हणून एकच नमुना मिळाला, लहान मुलांचा, मुठीवर पिवळं बदक असलेला. आकारामांनी त्यातला एक खिशात घातला आणि लुना चालू केली.

त्या संध्याकाळी आकाराम सोप्यात शेंगा फोडत बसले होते. चिमणाबाई समोर बसून दाणे निवडत होत्या. ब्रश खिडकीत तसाच कोरा होता.

"उद्या रविवार," चिमणाबाई म्हणाल्या. "जोतिबाचा उपास. आत्यांनी सांगितलेलं मोडायचं कसं हो?" सासूला त्या आत्या म्हणायच्या.

"आईनं काय सांगितलंतं?"

"बारा चुळा."

"नुसत्या?" आकारामांचा हात थांबला. "अगं, आई नुसत्या चुळा कुठं भरायची? ती आधी बोटावर मीठ घ्यायची, वस्त्रगाळ केलेलं. न्हाणीपाशी भिंतीकडं तोंड करून उकिडवी बसायची आणि बोट पार पडजिभेपतूर घालून एकेक दाढ घासायची. आतनं, बाहेरनं, मागनं. ओकाऱ्या काढत. आम्ही पोरं हसायचो तिला. ते झालं की मग बारा चुळा."

"मग घासायचं न्हाय असं का म्हणायच्या?"

"उपासाला कडूलिंबाची काडी मोडायची न्हाय, असं म्हणायची. आदल्या दिवशी काडी, उपासाला मीठ. झाडाला दुखवायचं न्हाय त्या दिवशी, एवढंच."

चिमणाबाईंना त्या पहाटा जशाच्या तशा आठवल्या. नवी नवरी, सासरे पुढच्या दारी बसलेले, म्हणून त्या चुलीपुढून हलायच्या नाहीत. भिंतीपलीकडून चुळांचा आवाज यायचा. त्या मोजायच्या, कारण बारावी चूळ झाली की चहाचं आधण उतरायचं असायचं. पस्तीस वर्षांचा नेम त्यांनी भिंतीआडून कानानं शिकला होता. डोळ्यांनी कधी बघितलाच नव्हता.

"त्या ओकाऱ्या मी ऐकलेल्या," त्या सावकाश म्हणाल्या. "मला वाटायचं आत्यांना पित्त हाय. म्हणून मी रोज चहात आलं ठेचून घालायची."

आकाराम शेंगा ठेवून हसायला लागले. "तरीच आई मरेपतूर म्हणायची, सून चहा लई झ्याक करती."

चिमणाबाईंनाही हसू आलं, आणि गुरुवारनंतर पहिल्यांदाच त्यांनी हसताना हात तोंडावर धरला नाही. कीटण निघालं होतं आणि जिवावरचं ओझंही. नेम मोडायचा नव्हताच. अर्धाच पाळला होता, तो पुरा करायचा होता.

रविवारी पहाटे त्यांनी आकारामांचा दाढीचा आरसा न्हाणीच्या खिळ्याला लावला, हातात पाणी घेऊन संकल्प सोडला आणि बदकाचा ब्रश तोंडात घातला. ब्रशला कुठलं झाड मोडलेलं नव्हतं. आधी उजवीकडची खालची शेवटची दाढ, तिची पाठ. मग प्रदक्षिणा घालावी तसं बाहेरून एक फेरी, आतून एक फेरी, चावायच्या बाजूनं एक. प्रत्येक जागेला मनातल्या मनात अंबाबाईचं नाव अकरा वेळा, कारण तोंड तर फेसानं भरलेलं. वर डावीकडच्या दाढेपाशी गेल्या आणि सवयीनं मोठा आ केला. ब्रश गालात अडकला. मग डॉक्टरांचं आठवून तोंड अर्धं मिटलं, तर ब्रश सळकन आत गेला, इतका आत की डोळ्यांत पाणी आलं आणि एक सणसणीत ओकारी आली.

सोप्यातून आकारामांचा आवाज आला, "आलं घालू का चहात?"

चिमणाबाई बारा चुळा मोजत होत्या.

तिसऱ्या गुरुवारी चिमणाबाईंनी घसा बसल्याचं सांगून पोथी वर्षाराणीच्या हातात दिली आणि स्वतः दाराकडच्या टोकाला बसल्या. वर्षाराणीचा आवाज तळ्यापर्यंत गेला असेल, पण तिला भारी घाई. राणीचा गर्व, राज्य जाणं, लेकीनं वसा घेणं, सगळं तिनं सुटणारी एस.टी. गाठायची असावी तसं एका दमात उरकलं. "अगं बाई" म्हणायला कुणाला सवडच मिळाली नाही. दहा मिनिटांत कहाणी संपली आणि नैवेद्याचा शिरा अजून कढईतच होता.

"झालं व्हय?" एक म्हातारी म्हणाली. "राणीचं राज्य गेलं कवा?"

चिमणाबाई खालमानेनं हसल्या. पण आपण त्या जागेवर परत बसावं असं त्यांना इतकं वाटलं, की देवीपुढे हात जोडताना तेच मागणं तोंडी आलं. व्रतात स्वतःसाठी त्या सहसा काही मागत नसत.

पुढच्या बुधवारी त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या. लाल औषध, चूळ, आरसा. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"उघडा की डोळे," डॉक्टर म्हणाल्या.

सगळं स्वच्छ. फक्त वर डावीकडे शेवटच्या दाढेच्या पाठीवर कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका.

"एवढंच राहिलं, अव्वा. सूज उतरली. रक्त नाही. वासही नाही."

"एवढं बी का राहिलं?" चिमणाबाईंना ती टिकली फार लागली. संध्याकाळी त्यांनी त्या एका जागेला अकराच्या ऐवजी एकवीस वेळा नाव घेतलं.

चौथा गुरुवार आला. सव्वातीनलाच चिमणाबाई धोंडुबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. "जरा हिकडं या. जवळ या," त्या म्हणाल्या, आणि धोंडुबाई पुढे आल्यावर सरळ तोंड उघडून त्यांच्या नाकासमोर 'हाऽ' केलं.

धोंडुबाईंनी तपासणी नीट केली. दोनदा वास घेतला. "काय न्हाय," त्या म्हणाल्या. "लवंग खाल्लीया व्हय?"

"न्हाय."

"वेलदोडा?"

"उपास हाय माझा. पाण्याशिवाय तोंडात काय न्हाय."

"मग चला की. वाचायचं कोण?"

चार वाजता सतरंजी अंथरली. सगळ्यांत आधी धोंडुबाई आल्या आणि पाटाला गुडघा टेकून बसल्या. त्या तिथं बसल्या म्हणजे आता काही भीती नाही, हे बाकीच्यांनी ओळखलं. एकेक लुगडं, एकेक पातळ पुढे सरकत आलं आणि सतरंजीचे लाल पट्टे एकामागून एक झाकले गेले. चिमणाबाईंनी पोथीला कुंकू लावलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज तोच, बारीक. राणीला गर्व झाला आणि तिनं दारात आलेल्या म्हातारीला हाकललं, तिथं आल्यावर त्या क्षणभर थांबल्या.

"अगं बाई," सगळा सोपा म्हणाला.

चिमणाबाईंनी पान उलटलं आणि पुढची ओळ वाचली.

शेवटचा गुरुवार म्हणून हळदीकुंकू होतं. दर वर्षी फळाबरोबर पोथीची एक प्रत द्यायची पद्धत. यंदा चिमणाबाईंनी प्रत्येकीच्या ओटीत केळं घातलं आणि वर एकेक बदकाचा ब्रश ठेवला.

"ह्यो मला?" धोंडुबाईंनी तो उलटापालटा करून बघितला. "माझ्या तोंडात दात राह्यलेत सात."

"सातांच्याबी मागं पाठ हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "वसा समजा. लांबची जागा आधी, जवळची मागनं. तोंड अर्धं मिटायचं. कटाळा करायचा न्हाय. झालं की बारा चुळा. मनापासनं केलं तर देवी जवळ बसवून घेती, मी बघितलंय."

बायका हसत हसत ब्रश घेऊन गेल्या.

शुक्रवारी पहाटे चिमणाबाई सडा टाकत होत्या. शेजारच्या न्हाणीतून ओकाऱ्यांचा आवाज आला. लगेच धोंडुबाईंचं स्वयंपाकघर जागं झालं, भांडं पडलं, आणि हातात लिंबू घेऊन त्या उजळल्या चेहऱ्यानं धावत बाहेर आल्या. सून उकिडवी बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

"वर्षा, दिवस गेलं व्हय गं?"

वर्षाराणीनं फेसानं भरलेलं तोंड वळवलं आणि बदक वर करून दाखवलं.

धोंडुबाई लिंबू धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते पदराच्या टोकाला बांधलं, कंबरेवर हात ठेवला आणि वाकून सुनेच्या तोंडात बघायला लागल्या. "डावीकडं राह्यलं बघ," त्या म्हणाल्या. "वर. तोंड मिट जरा."

चिमणाबाईंनी सड्याचं उरलेलं पाणी तुळशीपाशी ओतलं. त्यांच्या सासूनंही एकदा तरी भिंतीपलीकडून हाक मारली असती तर, असं त्यांच्या मनात आलं. पण मग इतकी वर्षं चहात आलं कुणी घातलं असतं? त्या आत गेल्या, खिळ्यावरचा आरसा सरळ केला आणि शेवटच्या दाढेपासून सुरुवात केली.